वाट मोकळी होती तेव्हा

हवामानबदलाचा विषय निघाला की गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘हवामान काय, पूर्वीही बदलतच होतं.’ म्हणणाऱ्याचा सूर थोडा विजयी असतो आणि ऐकणारा पर्यावरणवादी असेल तर तो चिडतो. चिडण्याचं काही कारण नाही, कारण वाक्य अगदी खरं आहे. ध्रुवांवर बर्फच नव्हता असे कोट्यवधी वर्षांचे काळ पृथ्वीवर होऊन गेले. फार मागे जायचीही गरज नाही. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा कितीतरी पश्चिमेला होता. अडचण आहे ती वाक्याच्या न उच्चारलेल्या उत्तरार्धात: ‘आणि प्राणी टिकलेच की!’

कोणते टिकले? कशाच्या जोरावर टिकले? हे विचारायची सोय आपल्याकडे आहे. ज्यांनी ते बदल सोसले त्यांची हाडं आणि दात जमिनीत शिल्लक आहेत. पूर्वीचा दाखला द्यायचा तर तो पुरता वाचून द्यावा, एवढीच माझी अट आहे. पुरता वाचल्यावर तो दिलासा देणाऱ्यांच्या बाजूने उभा राहत नाही, असं माझं मत आहे. तो ‘आता सगळंच संपलं’ म्हणणाऱ्यांच्याही बाजूने उभा राहत नाही. त्याचा रोख तिसरीकडेच आहे, आणि ती बाजू आपल्या चर्चेत फारशी येत नाही.

या वाचनाला सस्तन प्राणी विशेष सोयीचे पडतात, ते त्यांच्या दातांमुळे. मगरीचा दात पडतो, पुन्हा येतो, पुन्हा पडतो, आणि सगळे दात साधारण एका घडणीचे असतात. सस्तन प्राण्यांना बहुधा दुधाचे आणि कायमचे असे दोनच संच मिळतात. पटाशीचे दात, सुळे, दाढा अशी कामांची वाटणी असते आणि दाढेवरचे उंचवटे प्रत्येक जातीत वेगळे असतात. त्यामुळे उंदराएवढ्या जनावराची एक दाढ हाती आली तरी जाणकाराला ते जनावर बऱ्याचदा ओळखता येतं. दाढेच्या मापावरून शरीराच्या वजनाचा अंदाज बांधतात. दाढ झिजली कशी यावरून खाणं पाल्याचं होतं की गवताचं ते कळतं.

खरी किमया दातावरच्या एनॅमलची आहे. शरीरातला हा सर्वांत टणक पदार्थ. लाखो वर्षं मातीत राहूनही त्यातली कार्बन आणि ऑक्सिजनची मूळ नोंद पुष्कळदा शाबूत राहते. वनस्पती हवेतला कार्बन मुख्यतः दोन रीतींनी बांधतात. झाडंझुडपं, भात आणि गहू एका रीतीने. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं दुसऱ्या रीतीने. दोन्हींत जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं आणि खाणाऱ्याच्या दातात ते तसंच उतरतं. भाकरीवर वाढलेला माणूस आणि भातावर वाढलेला माणूस त्यांच्या दातांवरून वेगळे ओळखता येतात, ते याच कारणाने. ऑक्सिजनवरून प्राणी जे पाणी प्यायला त्याचा, आणि त्यातून तापमानाचा व कोरडेपणाचा माग लागतो. प्राणी कोण, केवढा, काय खाई आणि कसल्या हवेत राही, हे सगळं एका दातात नोंदलेलं असतं. पुराव्याचा एवढा दाट साठा फार थोड्या शास्त्रांच्या वाट्याला येतो.

आता पहिला साक्षीदार. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात बिगहॉर्न नावाचं उजाड खोरं आहे. तिथल्या लाल-करड्या थरांत सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची एक उलथापालथ नोंदली गेली आहे. पेलिओसीन आणि इओसीन या युगांच्या सीमेवर वातावरणात प्रचंड कार्बन मिसळला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ८ अंश सेल्सिअसने चढलं. नेमक्या त्याच काळात या खोऱ्यात पहिला घोडा अवतरला. त्याला सिफ्रहिप्पस म्हणतात. रॉस सेकॉर्ड आणि सहकाऱ्यांनी त्याचे दात थरांनुसार लावून मोजले आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. सुरुवातीला या घोड्याचं वजन साडेपाच किलोच्या आसपास होतं. सुमारे १ लाख ३० हजार वर्षांत ते ३० टक्क्यांनी घटून चार किलोच्याही खाली आलं. पुढे हवा निवली तसं ते सात किलोंपर्यंत चढलं. दातांतल्या ऑक्सिजनचा आलेख शेजारी ठेवला तर तापमान वर गेलं की घोडा लहान, तापमान उतरलं की घोडा मोठा, असं नातं दिसतं. थंड प्रदेशातले प्राणी अंगाने थोराड असतात, हे कार्ल बर्गमान यांनी १८४७ साली मांडलं होतं. तेच सूत्र इथे स्थळाऐवजी काळाच्या अक्षावर दिसलं.

दिलासावादी म्हणतील, घ्या, घोड्याने जुळवून घेतलं. घेतलं खरं. त्याला त्यासाठी वेळ किती मिळाला, तेही त्याच थरांत लिहिलेलं आहे. एक लाख तीस हजार वर्षं म्हणजे त्या छोट्या घोड्याच्या हजारो पिढ्या. त्या उलथापालथीत कार्बन दरवर्षी साधारण एक अब्ज टन किंवा त्याहून कमी वेगाने हवेत मिसळत होता, असा अंदाज आहे. आपण आज इंधन जाळून दरवर्षी सुमारे दहा अब्ज टन मिसळतो. आपल्या हिशोबाचं एकक शतक आहे आणि घोड्याच्या हिशोबाचं लाख वर्षं. ‘पूर्वीही बदलत होतं’ या वाक्यातून पहिल्यांदा गळतो तो वेग.

वेगाचा मुद्दा अनेकांनी मांडला आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हा घोडा बिगहॉर्नचा मूळ रहिवासी नव्हता. तो आला तो या उष्ण काळातच, आणि एकटा आला नाही. हरणं-डुकरांच्या समखुरी कुळाचे आद्य प्राणी आणि आधुनिक धाटणीचे पहिले वानरवर्गीय याच सुमारास उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात जवळपास एकदम दिसू लागतात. उत्तरेकडचे भूमिपूल उबदार झाले होते, त्यांवर जंगल होतं, आणि त्या वाटेने प्राणी खंडांतरं करत होते. ही कुळं मुळात निघाली कुठून याचा शोध चालू आहे. त्यात सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत सापडलेल्या कँबेथेरियम या प्राण्याला मोठा मान आहे, कारण घोडे आणि गेंडे ज्या वर्गात येतात त्याच्या बुडाशी त्याचं नातं पोचतं. म्हणजे त्या संकटात जे फोफावले त्यांचं भांडवल नुसती अंगची लवचीकता नव्हती. त्यांना जायला जागा होती.

दुसरा साक्षीदार आपल्या उपखंडातला आहे आणि त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. हिमालयाच्या पायथ्याला शिवालिक टेकड्या आहेत. १८३०च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंते प्रोबी कॉटली यांनी तिथून जीवाश्मांचा अक्षरशः खजिना बाहेर काढला. जिराफाच्या कुळातला अवाढव्य सिवाथेरियम हा त्यांच्या शोधांपैकी सर्वांत गाजलेला. शंकराच्या नावाचा हा प्राणी १८३६ साली जगापुढे आला. त्या काळात प्राण्यांची नावं ठेवणं आणि सांगाडे मांडणं यालाच शास्त्र म्हणत. हेच थर पश्चिमेला, आता पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावर, फार चांगले उघडे पडलेले आहेत. तिथे १९७०च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी एक एक थर कालक्रमाने लावला. जगात जमिनीवरच्या प्राण्यांचा इतका सलग इतिहास फार थोड्या ठिकाणी मिळतो.

या इतिहासातला एक टप्पा निर्णायक आहे. ८५ लाख ते ६० लाख वर्षांपूर्वी तिथलं जंगल मागे हटलं आणि त्याची जागा उष्ण प्रदेशातल्या गवताने घेतली. जे क्वेड, थ्युअर सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हे दाखवलं ते जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांवरून. आपल्या शेतात नांगराला लागतात तसल्या खड्यांत एका खंडाच्या वनस्पतीबदलाची नोंद निघाली. पुढे कॅथरिन बॅजली आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रश्न प्राण्यांकडे वळवला. जंगल गेलं तेव्हा जंगलवाल्यांचं काय झालं? शाकाहारी प्राण्यांच्या २७ जातींच्या दातांतला कार्बन त्यांनी तपासला आणि तीन तऱ्हा हाती आल्या.

फळं आणि पाला खाणाऱ्या बहुतेकांनी आपलं खाणं बदललं नाही. ते नाहीसे झाले. काहींनी आहारात गवताचं प्रमाण वाढवत नेलं. ते या स्थित्यंतरात दहा लाख वर्षांहून अधिक काळ तगले. तिसरा गट सर्वांत लहान. स्थित्यंतर पुरं होऊन गेल्यावरही उरलेल्या मोजक्या वंशांचा. त्यांच्या दातांत गवताची खूण काळाबरोबर ठळक होत गेलेली दिसते. आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याचा असलेला सिवापिथेकस हा वानर, ओरांगउटानचा नातलग, तोही या भागातून याच काळाच्या आरंभी दिसेनासा झाला.

या निष्कर्षांतली बारीक गोष्ट अशी की दुसऱ्या गटाने बदलायचा प्रयत्न केला होता. दात तसं स्पष्ट सांगतात. बदलूनही तो अखेर गेलाच. ‘जुळवून घेतील’ असं आपण सहज म्हणतो तेव्हा जुळवून घेणं आणि वाचणं यांत जे अंतर आहे ते पोटवारच्या दाढांनी मोजून ठेवलं आहे. कित्येकांच्या बाबतीत जुळवून घेणं ही मुदतवाढ ठरली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते महाराष्ट्राच्या अंगणात जातं. भारतातली गवताळ रानं म्हणजे मूळची जंगलंच, माणसाने आणि शेळ्यांनी बोडकी केलेली, असा समज आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून रुजला आहे. महसुली दप्तरात माळरानाला ‘पडीक’ म्हणतात. मग पावसाळ्याच्या तोंडावर पुढारी तिथे खड्डे खणून झाडं लावतात आणि फोटो काढतात. उपखंडात उष्ण गवत हे लाखो वर्षांचं जुनं रहिवासी आहे, एवढं पोटवारच्या मातीने आणि दातांनी दाखवून दिलं आहे. ते दात सोलापूरच्या किंवा अहिल्यानगरच्या माळाबद्दल थेट काही सांगत नाहीत, हेही मान्य. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो आणि तो अनपेक्षित दिशेने आला आहे. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी जुनं मराठी वाङ्मय आणि ओव्यांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ साली मांडलं की पश्चिम महाराष्ट्रातली काटेरी झुडपांची सवाना किमान साडेसातशे वर्षांपासून आहे. काळवीट, लांडगा आणि खोकड यांचं घर ‘पडीक’ ठरवून त्यावर वनीकरण करणं ही हवामानबदलावरची उपाययोजना नव्हे, ते आणखी एक विस्थापन आहे. वनखात्याला हे पटायला उशीर झाला आहे. इतर खात्यांना तर अजून कळायचंच आहे.

आता प्राणी एकत्र कसे राहतात याकडे वळू. सह्याद्रीचं सदाहरित जंगल, विदर्भाचं सागवानी जंगल अशी नावं आपण घेतो तेव्हा मनात एक बांधीव समाज असतो. अमुक झाडं, अमुक हरणं, अमुक शिकारी. हवा बदलली तर हा सगळा समाज दिंडीसारखा आपापला क्रम राखून पुढे सरकेल, अशी अपेक्षा त्यामागे असते. उत्तर अमेरिकेतल्या गेल्या ४० हजार वर्षांच्या सस्तन जीवाश्मांची एकत्रित नोंद करणाऱ्या फॉनमॅप या गटाने १९९६ साली ही अपेक्षा मोडीत काढली. हिमयुग ओसरताना प्रत्येक जात आपल्या वेगाने, आपल्या वेळी आणि आपल्या दिशेने निघाली होती. कोणी उत्तरेला, कोणी पश्चिमेला, कोणी जागेवरच. म्हणूनच हिमयुगातल्या एकाच गुहेत असे प्राणी एकत्र सापडतात जे आज एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. टुंड्रात राहणारा लेमिंग आणि प्रेअरीच्या गवतातली खार यांची हाडं पेनसिल्व्हेनियातल्या एका खोल विवरात एकत्र निघाली आहेत. त्यांचा जो समाज होता तो आज कुठेच नाही. उद्याचा समाजही आजच्या कोणत्याही यादीशी जुळणार नाही, असं समजून चालायला हवं.

हा निष्कर्ष संरक्षणाच्या आपल्या सगळ्या व्यवस्थेला अडचणीचा आहे. अभयारण्याची अधिसूचना निघते ती नकाशावरच्या ठरावीक हद्दीची आणि ठरावीक प्राण्यांसाठी. हद्द कागदावर कायम राहते. आत ज्यांच्यासाठी ती आखली ते मात्र कायम राहायला बांधील नाहीत. अधिसूचना काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या काळी जे हाती होतं ते वाचवणं गरजेचं होतं आणि त्यांनी ते वाचवलं. पण पुढच्या शंभर वर्षांचं नियोजनही जर त्याच हद्दींच्या आत होत असेल तर ते चालणाऱ्या प्राण्यांसाठी बसका बंदोबस्त केल्यासारखं आहे.

‘एकही जात नामशेष झाली नाही’ हे वाक्यही असंच तपासून घ्यावं लागतं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅमवेल गुहेत घुबडांनी आणि वस्तू जमवणाऱ्या रानउंदरांनी हिमयुगाच्या अखेरीपासून छोट्या प्राण्यांची हाडं साठवून ठेवली आहेत. जेसिका ब्लॉइस, जेनी मॅग्वायर आणि एलिझाबेथ हॅडली यांनी २०१० साली त्यांचा हिशोब मांडला. हिमयुग संपताना झालेल्या तापमानवाढीत त्या परिसरातल्या छोट्या सस्तन प्राण्यांची विविधता घसरली. त्या जाती जगातून संपल्या नाहीत, तिथून गेल्या किंवा विरळ झाल्या. त्यांच्या जागी कुठेही राहणारा, काहीही खाणारा डिअर माउस हा एकच उंदीर बेसुमार झाला. जागतिक नामशेष यादीत याची नोंद शून्य. पण ज्या रानात आठ-दहा प्रकारचे छोटे प्राणी बिया पेरतात, माती उकरतात, सापां-घुबडांचं पोट भरतात, तिथे एकच उंदीर माजला तर ते रान पूर्वीचं राहिलं नाही. हे कळायला घुबडाच्या ओकलेल्या गोळ्यांतून निघालेली हाडं मोजावी लागली. शास्त्राच्या या शाखेत नाजूक नाकाच्या माणसाचं काम नाही. अमेरिकेतल्याच वाळवंटी भागात फेलिसा स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रानउंदरांच्या लेंड्यांची रुंदी मोजून २५ हजार वर्षांतल्या त्यांच्या अंगमानाचा आलेख काढला, आणि उष्ण काळात उंदीर लहान, थंड काळात मोठा हेच सूत्र तिथेही निघालं.

माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार मात्र आंध्र प्रदेशात आहे. कुर्नूल परिसरात बेतमचेर्लाजवळ चुनखडकात बिल्लासुरगम नावाच्या गुहा आहेत. कॅप्टन न्यूबोल्डने १८४४ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. भारतीय प्रागितिहासाचा पाया घालणारे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ साली मुलाच्या मदतीने तिथे खोदकाम केलं. निघालेल्या हाडांचा अभ्यास रिचर्ड लायडेकर यांनी केला. त्यांत गेंडाही होता. आजचा भारतीय गेंडा आसाम, उत्तर बंगाल आणि नेपाळच्या तराईतला. कृष्णा-पेन्नेच्या मुलखात त्याच्या जातभाईची हाडं निघावीत, एवढ्यानेच नकाशा हलतो.

या गुहांचे थर नव्या पद्धतींनी कालनिश्चित करून पॅट्रिक रॉबर्ट्स, मायकल पेट्राग्लिया आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष मांडला तो चकित करणारा आहे. ओळखू आलेल्या २१ सस्तन गटांपैकी २० आजही उपखंडात हयात आहेत. सलगता किमान एक लाख वर्षांची, काहींच्या बाबतीत दोन लाखांची. या काळात हिमयुगं आली आणि गेली, मोसमी पाऊस क्षीण झाला आणि पुन्हा जोमाने बरसला. ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा महास्फोट झाला, त्याची राख याच कुर्नूल भागातल्या ज्वालापुरमला जाड थराने पडलेली आहे. (आपल्या पुणे जिल्ह्यातही कुकडीकाठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, तो याच स्फोटाचा की आधीच्या, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे.) एवढं सगळं होऊन एकच गट गायब: आज इथिओपियात उरलेल्या गेलाडा माकडाचा नातलग.

दिलासावाद्यांना याहून चांगला पुरावा जगात मिळणार नाही. तो मी त्यांच्या हाती स्वतःहून देतो, आणि पुढचं वाक्यही वाचा म्हणतो. हे प्राणी टिकले ते जागच्या जागी नव्हे. स्थानिक पातळीवर ते अनेकदा नाहीसे झाले, त्यांचे मुलूख बदलले. अभ्यासकांचं स्पष्टीकरण असं की उपखंडात जंगल, माळ, नदीकाठ, डोंगर यांची एकमेकांना जोडलेली गुंतागुंतीची वीण होती. एका ठिकाणी कोरड पडली तर दुसरीकडे ओल असे, आणि एकीकडून दुसरीकडे जायला अडथळा नव्हता. दोन लाख वर्षांच्या चिवटपणाचं श्रेय प्राण्यांच्या पोलादी प्रकृतीला कमी आणि त्या विणीला जास्त आहे.

आणि जे गेले ते कोण, हेही पाहावं. गेल्या काही दशसहस्र वर्षांत उपखंडातून गेले ते मुख्यतः अवाढव्य देहाचे: नर्मदेच्या नावाने ओळखला जाणारा महाकाय हत्ती, त्याचा दूरचा भाऊबंद स्टेगोडॉन, आपल्या नद्यांतला पाणघोडा, रानघोडा. यांतल्या हत्तीचे अवशेष महाराष्ट्रातही मिळाले आहेत. गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या गोदावरीच्या गाळातून त्याची नोंद केली. आज तिथे हिवाळ्यात पक्षी बघायला गर्दी होते. मोठा देह म्हणजे मोठा मुलूख, कमी पिल्लं आणि लांब गर्भकाळ. हवा बदलत असताना वरून माणसाची शिकार आली की सर्वांत आधी मोडतो तो असा प्राणी. यात दोष हवामानाचा किती आणि माणसाचा किती, हे भांडण शास्त्रात दीडशे वर्षं चाललं आहे. मला ते भांडण काहीसं निष्फळ वाटतं. पुढच्या शतकात दोन्ही एकदमच येणार आहेत आणि ते वेगळे काढण्याची संधी कोणत्याही प्राण्याला मिळणार नाही.

या साऱ्या युक्तिवादावर एक रास्त आक्षेप आहे. जीवाश्मांची नोंद फाटकी असते. चुनखडकाच्या गुहेत हाडं राहतात, दमट जंगलाच्या आम्लयुक्त मातीत विरघळतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात कुर्नूलसारख्या गुहा नाहीत, त्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावर हिमयुगात कोण होतं याबद्दल आपल्या हाती जवळपास काही नाही. शिवाय एका थरात हजार वर्षांची हाडं मिसळलेली असू शकतात. म्हणून जीवाश्मांकडून ‘२०८० साली शेकरू कुठे असेल’ याचं उत्तर मागू नये. त्या कामाला संगणकी प्रारूपं आहेत. पण ती प्रारूपं आजच्या प्राण्याच्या आजच्या पत्त्यावरून त्याच्या गरजा ठरवतात. गेंड्याचा आजचा पत्ता तराई आहे म्हणून त्याला तराईच लागते असं मानलं तर कुर्नूलचं हाड ते खोटं ठरवतं. भविष्य सांगणं हे जीवाश्मांचं काम नाही. भविष्य सांगणाऱ्यांच्या चुका दाखवणं हे आहे, आणि ते त्यांना फार चांगलं जमतं.

मग आज आपल्या प्राण्यांना जायला वाट किती आहे? डोंगर चढून थंडावा शोधणं हा एक मार्ग. अमेरिकेतल्या योसेमिटी भागात जोसेफ ग्रिनेल यांनी शंभर वर्षांपूर्वी केलेल्या पाहणीची २००८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरपाहणीशी तुलना केली तेव्हा तपासलेल्या २८ छोट्या सस्तन जातींपैकी निम्म्यांची हद्द सरासरी ५०० मीटर वर सरकलेली दिसली. तिथे चढायला तीन-चार हजार मीटरचे पर्वत आहेत. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. सह्याद्रीत वर जाण्याची जागा लवकर संपते, म्हणजे उरतो तो आडवा प्रवास: उत्तर-दक्षिण, रानातून रानात.

असा प्रवास अजून पुरता अशक्य झालेला नाही, हे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाने दाखवून दिलं. २०१९ साली त्याला रेडिओ कॉलर लावली होती. तो विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाच्या काही भागातून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदींत त्याची एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटरची भरली. लोकांनी कौतुक केलं ते वाघाच्या जिद्दीचं. मला त्यात दुसरं दिसतं. इतकं चालूनही त्याला जोडीदार मिळाला नाही, कारण ज्ञानगंगेत दुसरा वाघच नव्हता. वाघ मोठा, धीट आणि लांब पल्ल्याचा. हाच प्रवास साळिंदराला, उदमांजराला किंवा पिसोरीला करायला सांगितला तर चौपदरी रस्त्याच्या पहिल्या दुभाजकाशीच तो संपेल. कालवे सिमेंटने बांधून काढलेले, कडा उभ्या. शेतांना तारा. रेल्वेमार्गांना भिंती. दोन लाख वर्षं जी वीण प्राण्यांना सांभाळत होती तिचे धागे आपण गेल्या दोन-तीन पिढ्यांत तोडले, आणि तापमान वाढायला लागलं ते नेमकं त्याच वेळी.

म्हणून हवामानबदल आणि वन्यजीव या विषयावर बोलताना सगळा वेळ कार्बनच्या आकड्यांवर खर्च करणं मला अपुरं वाटतं. उत्सर्जन घटवणं अर्थातच पहिलं काम आहे. ते दिल्लीत, बीजिंगमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये ठरेल. वाट मोकळी ठेवणं मात्र नागपूर, अमरावती आणि कोल्हापुरात ठरतं. बांधकाम विभागाच्या, पाटबंधाऱ्याच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठरतं. ते करता येतं याचा नमुना राज्यात उभा आहे. नागपूर-सिवनी मार्गावर, पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले गेले, ५० मीटरपासून ७५० मीटर लांबीचे, वर वाहनं आणि खाली रान. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघासह १८ प्रकारचे वन्य प्राणी त्या मार्गांचा वापर करताना टिपले गेले.

हे नऊ मार्ग सहजासहजी मिळाले नाहीत, त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढचा रस्ता, पुढचा कालवा, पुढचा रेल्वेमार्ग आखला जाईल तेव्हा ती वेळ येऊ नये. आपल्या जिल्ह्यात अशा प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर तिथे जावं आणि दोन प्रश्न विचारावेत: या आखणीत प्राण्यांच्या वाटा कुठे तुटतात, आणि त्या जोडायला अंदाजपत्रकात किती रक्कम धरली आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.